मदतनिसाचे प्रशिक्षण : द्यावे कसे, तपासावे कसे?

ब्युरोकडून मदतनीस घरी आली, की ‘प्रशिक्षित आहे ना?’ एवढे विचारून कुटुंबीय निश्चिंत होतात. वाचकहो, तिचे प्रशिक्षण सर्वसाधारण असते. आपल्या रुग्णाची गरज मात्र त्याची स्वतःची असते. तिच्यासाठी आपले घर हे कामाचे ठिकाण आहे. तेथील प्रशिक्षण आपणच आखावयाचे आणि त्याचा उपयोग झाला का, हेही आपणच पडताळावयाचे.

अमेरिकन अभ्यासक डोनाल्ड किर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये कर्मचारी-प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या. शिकणाऱ्याला प्रशिक्षण कसे वाटले, तो काय शिकला, कामात ते उतरले का आणि अखेर परिणाम काय झाला? ‘समजले ना मावशी?’ या प्रश्नाला ‘हो’ असे उत्तर मिळाले, की आपण मात्र पहिल्याच पायरीवर थांबतो.

पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचे उदाहरण घेऊ. शय्याव्रण टाळण्यासाठी साधारणतः दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. नेमकी वेळ आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. प्रथम कृती करून दाखवा व कारणही सांगा : रुग्णाला ओढल्यास चादरीशी घासून त्वचा सोलवटते. मग मावशींना आपल्यासमोर तीच कृती करू द्या. ही झाली दुसरी पायरी. तिसरीसाठी कूस बदलल्याची वेळ वहीत नोंदवण्यास सांगा आणि आठवड्याने, कामात व्यत्यय न आणता, त्यांची पद्धत पाहा. चौथी पायरी रुग्णाच्या शरीरावर दिसते. माकडहाड, कंबर व टाचा रोज तपासा. दाबूनही न जाणारी लाली, सावळ्या त्वचेवर अधिक गडद डाग, ऊब किंवा कडकपणा आढळल्यास त्या जागेवरचा भार काढा आणि डॉक्टरांना दाखवा.

शिकवलेले कामात उतरत नसेल, तर लगेच दोष देऊ नये. रुग्ण वजनदार आणि मावशी एकट्या, अशी स्थिती असेल तर पुन्हा शिकवून काय साधणार? तेथे दुसरे हात हवेत. बारा तासांच्या पाळीत त्यांना जेवणाची व विश्रांतीची वेळ मिळते का, हेही पाहावे.

एका वेळी एकच कृती शिकवा. ती अंगवळणी पडली, की भरवणे, खुर्चीत बसवणे यांकडे वळा. मदतनीस बदलली, तर मात्र प्रारंभ पुन्हा पहिल्यापासूनच करावा.