लखोबाची उलटतपासणी

पिंपरीत संत तुकारामनगरात आचार्य अत्रे रंगमंदिर आहे. त्याच शहरात मराठी नाटक शिकवणाऱ्या आम्हा मंडळींना अत्र्यांच्या 'तो मी नव्हेच'विषयी दोन मते वर्षानुवर्षे ऐकावी लागली आहेत. पहिले मत जुन्या प्रेक्षकांचे : हे नाटक म्हणजे प्रभाकर पणशीकरांची वेशांतरे, बाकी सारे निमित्त. दुसरे मत आमच्याच व्यवसायबंधूंचे : हे लोकप्रिय करमणुकीचे नाटक आहे, त्याचा उल्लेख व्यावसायिक रंगभूमीच्या प्रकरणात एका परिच्छेदात करावा आणि पुढे तेंडुलकरांकडे वळावे. पहिल्या मतात भाबडेपणा आहे, दुसऱ्यात आळस. दोन्ही मतांना आमचा विरोध आहे आणि दुसऱ्याला अधिक आहे, कारण ते विद्यार्थ्यांच्या माथी मारले जाते.

नाटकाचा पहिला प्रयोग ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीत झाला. माधव काझी या भामट्याच्या खऱ्या खटल्याचा त्याला आधार होता. फिरता रंगमंच हे त्याचे आकर्षण होते, असे आपण वाङ्मयेतिहासात वाचतो आणि पुढे जातो. तो रंगमंच कशासाठी फिरतो, हे मात्र कोणी विचारत नाही. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो, बोलू लागतो, रंगमंच फिरतो आणि जे घडले ते आपण डोळ्यांनी पाहतो : हाच माणूस दिवाकर दातार, हाच कॅप्टन परांजपे, हाच राधेश्याम महाराज. मग रंगमंच पुन्हा न्यायालयात येतो आणि निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे शांतपणे सांगतो की तो मी नव्हेच. गुन्हेगार कोण, हे कुतूहल अत्र्यांनी आरंभीच मोडीत काढले आहे. प्रेक्षकाला सारे ठाऊक आहे, साक्षीदारांना ठाऊक आहे, आरोपीला तर आहेच. प्रश्न एवढाच उरतो की जे सर्वांना ठाऊक आहे ते सिद्ध होईल काय? ठाऊक असणे आणि सिद्ध होणे यांमधल्या दरीत हे नाटक इतकी वर्षे उभे आहे.

(निपाणी हा पत्ताही सहज आलेला नसावा, असे आम्हांस वाटते. संयुक्त महाराष्ट्रासाठी रान उठवणाऱ्या अत्र्यांनी आपला भामटा नेमका सीमेवरच्या, महाराष्ट्राने मागितलेल्या आणि न मिळालेल्या गावचा करावा, यावर कोणी विद्यार्थ्याने लिहावे.)

येथे इंग्रजांच्या एका लाडक्या वकिलाची आठवण काढणे उपयोगाचे आहे. जॉन मॉर्टिमर हे स्वतः बॅरिस्टर. त्यांचा 'रम्पोल ऑफ द बेली' थेम्स टेलिव्हिजनवर १९७८ ते १९९२ या काळात चालला आणि लिओ मॅकर्नने साकारलेला तो गबाळा, स्वस्त वाइन पिणारा, घरात बायकोला वचकून असणारा म्हातारा वकील तिकडे आजही आवडीने पाहिला जातो. रम्पोलचे सारे पुण्य एका तत्त्वात आहे : दोष सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष. समोर सरकार, पोलीस, चिडखोर न्यायाधीश. बाजूला एखादा किरकोळ चोर. आणि मध्ये हा. तिथले हसू दुबळ्याच्या बाजूचे असते. मराठीतल्या सर्वांत लोकप्रिय न्यायालयीन विनोदात मात्र नायक वकील नाही. आरोपी स्वतःच आपला खटला चालवतो, साक्षीदारांची उलटतपासणी घेतो आणि रम्पोल ज्या तत्त्वाची पूजा करतो त्याच तत्त्वाच्या आडोशाला बसून हसतो. मॉर्टिमरने त्या तत्त्वाचा दिलासा दाखवला, अत्र्यांनी त्याची किंमत दाखवली. ती किंमत भरतात फसवल्या गेलेल्या स्त्रिया.

आणि आपण हसतो कोणाबरोबर? लखोबाबरोबर. त्याचा नम्रपणा, निपाणीकडची बोली, साक्षीदाराच्या शब्दांत त्यालाच अडकवण्याची हातोटी यांना टाळ्या पडतात. रडत साक्ष देणाऱ्या बाईच्या वाट्याला सहानुभूती येते, पण टाळी येत नाही. वेशांतरांचे कौतुक करणारे या अडचणीच्या जागेवरून सफाईने निसटतात. पणशीकरांनी आपल्या आत्मचरित्राला 'तोच मी' असे नाव दिले. नटाने कबुली दिली, प्रेक्षक अजून द्यायचा आहे.

आमच्या वर्गात काही काळ एक विद्यार्थी होता. चाकणच्या एका कारखान्यात रात्रपाळी करून सकाळी तो वर्गात येई. नाटकाचे वाचन चालू असताना सारे हसले, हा हसला नाही. नंतर म्हणाला, "सर, आमच्याकडे याला पाच वेश लागत नाहीत. एक कंत्राटदार पुरतो." त्याचे म्हणणे साधे होते. यंत्र कंपनीचे, काम सांगणारा सुपरवायझर कंपनीचा, कॅन्टीनचा चहा कंपनीचा. पण ओळखपत्रावर नाव कंत्राटदाराचे. काही महिन्यांनी कंत्राटदार बदले, ओळखपत्र बदले, यंत्र तेच राही. उद्या भांडण झालेच तर कंपनी काय म्हणेल, हे त्या वर्गातल्या प्रत्येकाला न सांगता कळले.

हे निव्वळ रूपक नाही. महाराष्ट्राचा अनुचित कामगार प्रथांविरुद्धचा कायदा १९७१ चा. त्याखाली कंत्राटी कामगारांनी दाद मागितली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली कल्याणी स्टील्स आणि सिप्ला या दोन प्रकरणांत असे ठरवले की मालक-कामगार हे नाते निर्विवाद असेल, किंवा योग्य त्या न्यायपीठापुढे आधीच प्रस्थापित झाले असेल, तरच या कायद्याखालची तक्रार चालेल. म्हणजे मालकाने नाते नाकारले की दार बंद. आधी दुसरीकडे जाऊन सिद्ध करून आणा की हाच तुमचा मालक. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्टील अथॉरिटीच्या खटल्यात निकाल आला की कंत्राटी पद्धत बंद केल्याने कामगार आपोआप मूळ मालकाचा होत नाही. कंत्राट हा नुसता देखावा आहे, हे औद्योगिक न्यायाधिकरणापुढे ठरले पाहिजे. अत्र्यांनी चार दशके आधी रंगमंचावर आणलेले वाक्य औद्योगिक पट्ट्यात कायदेशीर बचाव बनले होते.

यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. फौजदारी खटल्यातला आरोपी एकटा असतो, त्याच्यासमोर राज्यसत्ता असते. त्याला नाकारण्याचा हक्क हवाच, मग तो लखोबा का असेना. कामगाराच्या दाव्यात नाकारणाराच बलवान असतो. दोन्ही एकाच तागडीत कसे टाकता? आमचे उत्तर असे की अत्र्यांच्या नाटकातही नाकारणारा दुबळा नाही. तो एकटा आहे, पण भाषा त्याच्या मालकीची आहे आणि न्यायालयात भाषा हेच भांडवल असते. ज्याच्याजवळ ती नाही, त्याचे खरेही अडखळत बाहेर येते आणि अडखळले म्हणून संशयास्पद ठरते. रम्पोलच्या अशिलांना भाषा उसनी देणारा रम्पोल असतो. रात्रपाळीहून आलेल्या माणसाला कोण देतो?

अत्र्यांचा दोष आम्ही लपवत नाही. त्यांच्या स्त्रिया साक्षीपुरत्या येतात. विनोद सारा लखोबाच्या पदरात, त्यांच्या पदरात अश्रू. पाच वर्षांनी, १९६७ साली, 'शांतता! कोर्ट चालू आहे' रंगमंचावर आले आणि लीला बेणारे आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली. तिथला खटला लुटुपुटीचा आहे, तरी तिला 'ती मी नव्हे' म्हणण्याची सोय नाही; तिला गर्भवती करून नामानिराळा राहिलेला प्राध्यापक दामले तर रंगमंचावर येतच नाही. लखोबाला निदान पिंजऱ्यात उभे राहून नाकारावे लागते. दामले न येताच नाकारतो. तेंडुलकरांनी अत्र्यांना उत्तर दिले, असे म्हणण्यास आमच्याजवळ पुरावा नाही. परंतु ही दोन नाटके एकमेकांशेजारी ठेवली की दोन्ही बदलतात. बेणारेचे शेवटचे स्वगत रंगमंचावर कोणी ऐकत नाही, आणि ते वाचून पुन्हा लखोबाच्या टाळीच्या वाक्याकडे आले की हात जागच्या जागी थांबतो.

म्हणून एकाला करमणुकीच्या आणि दुसऱ्याला प्रायोगिकतेच्या कप्प्यात टाकणारी आमची विभागणी मोडावी, अशी मागणी आहे. दोन्ही नाटके एकाच प्रश्नपत्रिकेत लावा. दहा गुणांचा प्रश्न आम्ही काढून ठेवला आहे : लखोबाच्या कोणत्या वाक्याला तुम्ही हसलात, आणि त्या क्षणी पिंजऱ्यात कोण उभे होते?