कुलूप आणि किल्ली

2004 साली 'एनसीआयएस' या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेत एक गमतीचे दृश्य दाखविण्यात आले. संगणकावरील हल्ला परतविण्यासाठी दोघे जण एकाच कळफलकावर एकाच वेळी भराभर बोटे चालवितात! जाणकारांना याचे हसू येते. परंतु असल्या खोट्या चित्रणाने होणारी हानी हसण्यावारी नेण्याजोगी नाही. हॅकिंग म्हणजे जादू, असे एकदा मनावर ठसले, की 'जादूपुढे माझे काय चालणार?' असे म्हणून माणूस निष्काळजी राहतो.

त्याच देशातील 'मिस्टर रोबोट' या मालिकेने 2015 ते 2019 या काळात निराळी वाट धरली. तिच्या कर्त्यांनी तज्ज्ञांचा सल्ला घेतला आणि संगणकाची सुरक्षितता तपासणारे लोक खरोखर वापरतात, ती 'काली लिनक्स'सारखी साधनेच पडद्यावर आणली. पहिल्याच भागात नायक एका स्त्रीचा परवलीचा शब्द ओळखतो. कोणता होता तो? आवडत्या गायकाचे नाव आणि जन्मवर्षाचे उलटे अंक! एका गृहस्थाला तो बँकेच्या नावाने फोन करतो, आणि ते गृहस्थ विचारलेली माहिती सांगू लागतात. येथे जादू कोठेच नाही. आहे तो केवळ माणसाचा गाफीलपणा.

कोणी म्हणेल, अशा चित्रणाने चोरांनाच शिकवण मिळेल. परंतु चोराला ही विद्या आधीच अवगत असते. अजाण असतो तो घरधनी. दुसऱ्याचे कुलूप उघडणे हा अपराधच होय. पण आपले कुलूप कसे उघडले जाते, हे जाणून घेणे यात शहाणपण आहे. कुलूप कितीही भक्कम असले, तरी किल्ली उंबरठ्यावर ठेवून कसे चालेल?