अर्ज भरायला मोबाईल, तोंड उघडायला मनाई



जिल्हा बैठकांतून अलीकडे एक तक्रार सारखी कानावर येते. पोरं दिवसभर मोबाईलमध्ये मुंडी घालून बसतात, रस्त्यावर या म्हटले की कुणी येत नाही, फेसबुकवर लिहून कुठे भाव मिळतो काय? बोलणारे आपलेच, लाठ्या खाल्लेले, तुरुंग पाहिलेले लोक आहेत. त्यांचा मान ठेवूनच आम्ही सांगतो, या तक्रारीने सरकारचे काम सोपे होते.

मोबाईल आपल्या घरात हौसेने आला तसा सक्तीनेही आला. पेरा नोंदवायचा तर ई-पीक पाहणी मोबाईलवर. पीएम किसानचे दोन हजार हवेत तर केवायसी मोबाईलवर. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झाला, पण सीसीआयच्या केंद्रावर गाडी लावायची तर आधी 'कपास किसान' ॲपवर नोंदणी. हे सगळे कोण करते? ज्याला आपण मुंडी घालून बसतो म्हणतो तोच पोरगा, नाहीतर बारावीतली पोरगी, रेंज मिळावी म्हणून बांधावर उभी राहून करते. तोवर ती गुणाची. त्याच मोबाईलवरून तिने विचारले, की ओलावा जास्त म्हणून आमची गाडी परत का पाठवली, मापाचा कागद का दिला नाही, की ती आगाऊ. आणखी दहा गावच्या पोरांनी तेच विचारले की कटकारस्थान.

आम्ही हे वाढवून सांगत नाही. पालघर आठवा. नोव्हेंबर २०१२. शिवसेनाप्रमुखांच्या निधनानंतर मुंबई बंद कशासाठी, असे एका मुलीने फेसबुकवर लिहिले. दुसरीने ते 'लाईक' केले. एवढ्यावर दोघींना अटक झाली. तेव्हा राज्यातही काँग्रेस आघाडी होती आणि दिल्लीतही, म्हणजे हा रोग एका पक्षाचा नाही हे लक्षात असू द्या. माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६-अ नावाचे कलम होते. कुणाला त्रासदायक वाटेल असा मजकूर पाठवला तर तीन वर्षांपर्यंत कैद. श्रेया सिंघल नावाच्या विशीतल्या तरुणीने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालय गाठले आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते कलम पुरते रद्द केले.

आता पुढचे ऐका. कलम मेले, पण ठिकठिकाणचे पोलीस त्याच कलमाखाली गुन्हे नोंदवत राहिले. मेलेल्या कलमाखाली गुन्हे चालवू नका, असे सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा बजावावे लागले. फरदड ठेवली की काय होते हे तुम्हाला सांगायला नको. वेचणी संपली तरी पऱ्हाटी उभी, आणि तिच्यातून बोंडअळी पुढच्या हंगामाला हजर. राजद्रोहाच्या कलमाचे तेच झाले. इंग्रजांचे १२४-अ सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्थगित केले. जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता लागू झाली, तिच्यात १५२ व्या कलमात राजद्रोह हा शब्द नाही, पण सार्वभौमत्व धोक्यात आणल्याच्या नावाखाली पकडायची सोय आहे. बियाण्याच्या पिशवीवरचे नाव बदलले, आतला वाण तोच.

दिल्लीचे आंदोलन तर आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडले. त्या तीन कृषी कायद्यांबद्दल आपल्यात दोन मते होती, आजही आहेत. बाजार खुला व्हावा असे विदर्भ-मराठवाड्यातल्या कित्येकांना मनापासून वाटत होते. तो वाद आज उकरायचा नाही. पण कायदे आले कसे ते बघा. जून २०२० मध्ये वटहुकूम. २० सप्टेंबरला राज्यसभेत विरोधक मतविभागणी मागत असताना आवाजी मतदान. आणि २९ नोव्हेंबर २०२१ रोजी ते रद्द झाले तेही दोन्ही सभागृहांत चर्चा न होता. येतानाही कुणाला विचारले नाही, जातानाही नाही. बाजार खुला हवा म्हणणाऱ्याने तोंडही खुले हवे असे म्हटलेच पाहिजे. एक पाहिजे आणि दुसरे नको, हे चालायचे नाही.

सिंघू आणि टिकरीच्या सीमेवर पोरांनी काय केले? डिसेंबर २०२० मध्ये 'किसान एकता मोर्चा' नावाने स्वतःची खाती उघडली आणि मंचावरचे बोलणे मोबाईलवरून देशभर पोचवले. त्याच महिन्यात काही तरुणांनी 'ट्रॉली टाइम्स' हे पंजाबी आणि हिंदीतले छापील पत्र काढले, कारण मैलोगणती लागलेल्या ट्रॉल्यांतल्या म्हाताऱ्यांपर्यंत ना मंचाचा आवाज जात होता ना मोबाईल. आपले हे पत्रक हातात धरून मोबाईलला नावे ठेवणाऱ्यांनी एवढे जरूर बघावे. त्या पोरांनी कागद आणि मोबाईल यांच्यात भांडण लावले नाही.

सरकारने काय केले? २६ जानेवारी २०२१ च्या ट्रॅक्टर मोर्चानंतर आंदोलनाच्या जागी इंटरनेट तोडले, हरियाणात १७ जिल्ह्यांत बंद केले. १ फेब्रुवारीला सरकारच्या आदेशावरून ट्विटरने सुमारे अडीचशे खाती रोखली, त्यांत किसान एकता मोर्चाचे खाते होते. हे ज्या नियमांखाली होते त्यांत आदेश गुप्त ठेवायची तरतूद आहे. तुमचे तोंड का बांधले हे तुम्हालाच कळणार नाही. १३ फेब्रुवारीला बंगळूरच्या दिशा रवी या बावीस वर्षांच्या मुलीला राजद्रोहाखाली उचलले. गुन्हा काय, तर आंदोलनाला पाठिंबा कसा द्यावा याच्या टिपणात तिने हात घातला. त्याच प्रकरणात आपल्या बीडच्या एका अभियंता तरुणाला औरंगाबाद खंडपीठात धाव घ्यावी लागली. दहा दिवसांनी दिशाला जामीन देताना न्यायाधीशांनी सांगितले, की व्हॉट्सॲपचा गट काढणे हा गुन्हा होत नाही आणि सरकारचा अहंकार दुखावला म्हणून राजद्रोह लावता येत नाही. पण ते दहा दिवस कोण परत देणार? आणि ते पाहून ज्या हजार पोरींच्या आयांनी मोबाईल काढून घेतले असतील, त्यांचे काय?

ज्वारी हुरड्यात आली की राखणीला गोफण देऊन आपण पोरालाच माळ्यावर बसवतो. पाखरे दिसली की ओरडणे हे त्याचे काम. ओरडला म्हणून त्याचेच तोंड बांधणारा धनी ज्वारीचा नव्हे, पाखरांचा.

अफवा पसरतात, दंगली पेटतात, मग इंटरनेट बंद करायचे नाही तर काय करायचे, असे आपल्यातलेही काही विचारतात. अफवा पसरतात हे खरेच आहे, आणि त्या पसरवणाऱ्यांत राजकीय पक्षांचे आयटी सेल मागे नाहीत. पसरवणाऱ्याला धरा. एका विहिरीत कुणी औषध ओतले म्हणून तालुक्यातल्या सगळ्या मोटारींची वीज तोडत नाहीत. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी जालना, बीड, छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांत काही तास इंटरनेट बंद झाले. त्या दिवशी बाजारात माल घेऊन गेलेल्याचा भाव बघणे अडले, पैसे खात्यावर येणे अडले, आणि त्याचा अफवेशी काडीचा संबंध नव्हता. 'ॲक्सेस नाऊ' या संस्थेच्या मोजणीप्रमाणे २०२४ साली भारतात ८४ वेळा इंटरनेट तोडले गेले. आपल्या पुढे एकटा म्यानमार, ८५ वेळा, आणि तिथे तेव्हा लष्कराची राजवट होती. निवडणुका वेळेवर होतात म्हणून आपण निर्धास्त असतो. बोंड बाहेरून हिरवेगार दिसते तेव्हाच आत अळी सरकी खात असते.

कायद्याने आपण अगदी निहत्थे नाही. १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे, की इंटरनेटबंदीचा आदेश प्रसिद्ध केला पाहिजे आणि बेमुदत बंदी चालणार नाही. तसेच २०१४ पासून केंद्राचे धोरण आहे, की विधेयकाचा मसुदा निदान ३० दिवस लोकांपुढे ठेवावा. नोव्हेंबर २०२५ मध्ये बियाणे विधेयकाचा मसुदा असाच बाहेर आला, ११ डिसेंबरपर्यंत ई-मेलने सूचना मागवल्या. ऐन वेचणीचे दिवस. बियाणे आपले, उगवण फसली तर नुकसान आपले, आणि ई-मेल कुणाला येतो? त्या पोरालाच.

म्हणून येत्या जिल्हा बैठकीत हे ठरवायचे आहे. प्रत्येक तालुक्यातून दोन तरुण, त्यात एक मुलगी, शेतीशी संबंधित मसुदे उतरवून घेतील आणि गावसभेत मराठीत मोठ्याने वाचून दाखवतील. सूचना त्यांनी लिहायच्या, अंगठे-सह्या आपण द्यायच्या. इंटरनेट तोडले तर दुसऱ्या दिवशी सकाळी तालुक्यातले निदान पंचवीस लोक जिल्हाधिकारी कचेरीवर जाऊन आदेशाची लेखी प्रत मागतील. लिहिले म्हणून कुणा पोराला ठाण्यात बोलावले, तर तो एकटा जाणार नाही. गावातली वडीलधारी मंडळी आणि एक वकील बरोबर जाईल, आणि त्या वकिलाचा खर्च संघटनेच्या वर्गणीतून होईल. सगळ्यांचे फोन नंबर वहीत, शाईने लिहून ठेवा, कारण नेट गेले की पोरांच्या गटातली यादी उघडणार नाही.

बैठकीला येताना घरातल्या पोराला, पोरीला बरोबर घेऊन या, आणि त्यांना सतरंजीवर पुढे बसवा.