गाढवाची वर्षे

नववीच्या एका मुलीने ‘डाँकीज यिअर्स’चा अर्थ ‘गाढवाचे वय’ असा सांगितला. वर्ग हसला, आम्हीही हसलो. त्यानंतर कित्येक दिवस तिने हात वर केला नाही.

खरे तर चूक तिची नव्हती. इंग्रज लोक हे ‘फार वर्षे’ या अर्थाने म्हणतात. गाढवाचे कान लांब. आणि ‘इअर्स’ म्हणजे कान, ‘यिअर्स’ म्हणजे वर्षे, ही त्यातली गंमत. ‘अ मंथ ऑफ संडेज’ म्हणजे महिनाभर नुसते रविवार. तीस रविवार यायला जवळजवळ सात महिने लागतात! आपणही मराठीत ‘युगे लोटली’, उर्दूत ‘मुद्दत हो गई’ म्हणतोच की.

पालकहो, मूल शब्दशः अर्थ सांगेल तेव्हा हसू नका. आधी शाबासकी द्या, मग गंमत सांगा.