चित्रातली उर्दू

तंत्रज्ञानाला भाषा नसते, हे वाक्य आम्ही बी.एड.च्या वर्गात प्रथम ऐकले आणि तेव्हापासून ते आमचा पिच्छा सोडत नाही. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत ते असते, प्रशिक्षण शिबिरांत तज्ज्ञ मार्गदर्शक ते ठासून सांगतात, नाक्यावर नवा मोबाइल मिरवणारा तरुणही तेच बोलतो. अमुक कंपनीने नवे ॲप आणले, तमुक कंपनी विकली गेली, अशा बातम्या आमच्या मालेगावातही चवीने वाचल्या जातात. यंत्रमागांच्या खडखडाटातही एआयवर मत द्यायला लोक तयार असतात. मत द्यायला काय लागते! पण या साऱ्या चर्चेत एक प्रश्न कधीच निघत नाही. ज्या अक्षरांत आम्ही लिहितो-वाचतो, ती अक्षरे या यंत्रात आहेत का, आणि असली तर कोणत्या अवस्थेत आहेत?

उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही. सातवीच्या मुलांना आम्ही गिरणा धरणाची माहिती गोळा करायला सांगितली होती. एका मुलीने फोनवर उर्दूत शोध घेतला. तिला आधी दुसऱ्याच देशातल्या धरणांची पाने सापडली, मग काहीच सापडेना, तेव्हा तिने रोमन लिपीत शब्द लिहून इंग्रजी पान उघडले आणि त्यातले चार आकडे उतरवून आणले. आता गंमत पाहा. याच धरणावर उर्दूत लिहिलेला चांगला चार पानी लेख गावातल्या एका संस्थेच्या स्मरणिकेत आहे. त्या स्मरणिकेची पीडीएफ आमच्या व्हॉट्सॲपवर येऊन पडलेली आहे. म्हणजे लेख आहे, उर्दूत आहे, फोनमध्येही आहे. तरी मुलीला तो सापडला नाही, कारण ती पाने म्हणजे चित्रे आहेत. डोळ्याला उर्दू दिसते. यंत्राला तिथे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांपलीकडे काही दिसत नाही.

हे कसे झाले, ते समजून घेतल्याशिवाय कोणावर राग काढण्यात अर्थ नाही. उर्दूची आवडती लिपी नस्तालीक. अरबीची नस्ख लिपी सरळ रेषेवर चालते. नस्तालीकमधला शब्द उजवीकडून वर सुरू होतो आणि तिरपा उतरत डावीकडे येऊन टेकतो. शेजारी कोण बसले आहे ते पाहून प्रत्येक अक्षर आपले रूप बदलते. खिळ्यांच्या छपाईला हे कधी पेलले नाही. म्हणून मराठीची जुळणी खिळ्यांनी होत असताना उर्दूची वर्तमानपत्रे कातिब हाताने लिहीत. 1927 साली सुरू झालेले चेन्नईचे 'द मुसलमान' हे दैनिक तर संगणक आल्यावरही हाताने लिहिले जाई, म्हणून जगभर गाजले.

पाकिस्तानातले खुशनवीस अहमद मिर्झा जमील यांनी हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. अक्षरे सुटी करण्याऐवजी त्यांनी अक्षरांचे जोड, शब्दांचे तुकडेच्या तुकडे, सुमारे 20 हजारांच्या संख्येने हाताने लिहून काढले आणि मोनोटाइप कंपनीच्या यंत्रात बसवले. 1981 मध्ये लाहोरचे 'जंग' या अक्षरांत छापले गेले. वडिलांच्या नावावरून त्यांनी याला नूरी नस्तालीक म्हटले. पुढे 1994 मध्ये दिल्लीच्या एका कंपनीने इनपेज हे सॉफ्टवेअर काढले, आणि ही अक्षरे साध्या संगणकावर आली. दहा वर्षांत भारत-पाकिस्तानातले बहुतेक उर्दू छापखाने इनपेजवर गेले. लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका, कवितासंग्रह, निवडणुकीची पत्रके, सारे इनपेज. त्या सॉफ्टवेअरने उर्दू छपाईवर मोठे उपकार केले आहेत, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

पण 1991 मध्येच दुसरीकडे युनिकोड सुरू झाले होते. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक द्यायचा, एवढीच ती साधी कल्पना. क्रमांक ठरलेला असला की अक्षर कोणत्याही फोनवर, कोणत्याही देशात तेच राहते. ते दिसते कसे, हे फॉण्टवर सोडायचे. जुन्या इनपेजने अक्षरे आपल्या खासगी क्रमांकांत साठवली. त्याची फाइल त्याच्याशिवाय दुसऱ्याला वाचता येत नसे. मजकूर बाहेर काढायचा तर चित्र करून काढायचा, आणि तीच सवय लागली. नंतरच्या आवृत्त्यांत युनिकोड आले, मजकूर बदलून देणारी साधने आली. पण आमचे डीटीपीवाले अजून वीस वर्षांपूर्वीची, बहुधा चोरीचीच, प्रत चालवतात आणि विचारले की म्हणतात, 'सर, दिसतंय ना? मग झालं!'

'दिसतंय ना' या दोन शब्दांनी आमच्या भाषेचे जेवढे नुकसान केले तेवढे कोणत्या शत्रूने केले नसेल.

मराठी वाचकांनी इथे गालात हसू नये. तुमच्याकडेही शिवाजी फॉण्ट होता, श्रीलिपी होती, आणखी डझनभर होते. या जुन्या फॉण्टांत 'क' अक्षर इंग्रजीच्या कुठल्यातरी चिन्हाच्या जागी बसवलेले असे, आणि फॉण्ट नसलेल्या संगणकावर साऱ्या लेखाची रांगोळी होई. 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली, 1991 मध्ये भारतीय लिप्यांसाठी सरकारी प्रमाण ठरले, तरी प्रत्येक छापखान्याचा देव वेगळाच राहिला. मराठीची किती पुस्तके आणि दिवाळी अंक अशा फायलींत अडकून पडले आहेत, त्यांचा हिशोब कोणी मांडावा? फरक इतकाच की मराठीच्या पाठीशी एक राज्य आहे. आज ना उद्या कोणी निविदा काढील, कोणी रूपांतर करील. 2011 च्या जनगणनेत उर्दू मातृभाषा सांगणारे देशात 5 कोटी 7 लाख होते, त्यातले सुमारे 75 लाख महाराष्ट्रात. संख्या लहान नाही. पण त्यांच्यासाठी निविदा कोण काढणार?

कंपन्यांकडे बोट दाखवायचे असेल तर तेही दाखवू. युनिकोडमध्ये उर्दूची अक्षरे आली तरी फोनवर ती नस्खमध्येच उमटत. उर्दू वाचणाऱ्याला ते वाचता येते, पण मन लागत नाही. पैठणीवर बूट घातल्यासारखे ते दिसते. मायक्रोसॉफ्टने नस्तालीक फॉण्ट विंडोजमध्ये दिला 2012 मध्ये, गुगलने आपला काढला 2014 मध्ये, ॲपलच्या फोनवर तो आला 2017 मध्ये. युनिकोडपासून मोजले तर वीस-पंचवीस वर्षे. एवढ्या काळात याच कंपन्यांनी रडके-हसरे चेहरे शेकड्यांनी फोनमध्ये घातले. कोट्यवधी लोकांच्या लिपीला रांगेत उभे करणारा हा उद्योग भाषेच्या बाबतीत तटस्थ आहे, असे आम्हांला कोणी सांगू नये.

याचा ताजा पुरावा एआयमध्ये आहे. हे यंत्र वाक्याचे तुकडे करून वाचते, आणि काम देणाऱ्याकडून कंपन्या त्या तुकड्यांच्या हिशोबाने पैसे घेतात. मे 2024 मध्ये ओपनएआयने नवे मॉडेल आणताना स्वतःच काही नमुने प्रसिद्ध केले. एकाच मजकुराचे जुन्या पद्धतीत इंग्रजीत 27 तुकडे होत, उर्दूत 82, मराठीत 96. नव्या पद्धतीत इंग्रजीचे 24 झाले, उर्दू आणि मराठी दोघींचे 33. सुधारणा मोठी आहे, कबूल. पण तोपर्यंत तीच गोष्ट सांगायला मराठी माणसाला इंग्रजीच्या साडेतीन पट तुकडे मोजावे लागत होते, आणि 'तंत्रज्ञानाला भाषा नसते' हे वाक्य त्याही काळात तितक्याच जोरात चालू होते.

आता हे यंत्र शिकते कशातून? मुख्यतः इंटरनेटवर अक्षररूपात असलेल्या मजकुरातून. छापील पानाच्या चित्रावरून अक्षरे ओळखणारी साधने आहेत, परंतु नस्तालीकपुढे ती चाचपडतात. अक्षरे एकमेकांच्या डोक्यावर चढलेली, नुक्ता कोणाचा ते शेजारी पाहून ठरवायचे. इथे माणसाचे मूल दोन-तीन वर्षांत तयार होते, यंत्राला इंग्रजीसारखे ते साधलेले नाही. परिणाम काय? महाराष्ट्रातल्या उर्दूवाल्यांनी चाळीस वर्षांत जे लिहिले, त्याचा बराच भाग यंत्राच्या लेखी लिहिलाच गेला नाही. मालेगाव, भिवंडी, औरंगाबाद, मुंबई इथले गद्य त्याला माहीत नाही. आमच्या विद्यार्थ्यांना ते लाहोर-कराचीची उर्दू ऐकवील, तिथली उदाहरणे देईल, आणि मुले समजतील की आपल्या गावात कोणी काही लिहीतच नव्हते. तिकडच्या लोकांना दोष कशाला? त्यांनी फॉण्ट बनवले, उर्दू विकिपीडिया 2004 पासून उभा करण्यात मोठा वाटा उचलला, मजकूर टाइप केला. आम्ही मुशायरे केले.

डिसेंबर 2021 मध्ये मालेगावात राष्ट्रीय उर्दू पुस्तक मेळा भरला, तेव्हा काय गर्दी होती! बायका, मुले, मागावरचे कामगार पिशव्या भरभरून पुस्तके नेत होते. उर्दू मेली असे म्हणणाऱ्याने ते दृश्य पाहायला हवे होते. पण त्या मेळ्यातही व्यासपीठावरून अश्रू ढाळले गेले ते नस्तालीकच्या सौंदर्यावर. ज्यांनी अश्रू ढाळले त्यांच्या भाषणाचे निमंत्रण जेपीजी चित्र होऊन आले होते. या मंडळींना लिपी भिंतीवर टांगायला हवी आहे, वापरायला नको.

वापरणाऱ्याचे हाल आम्ही वर्गात पाहतो. 2020 च्या टाळेबंदीत पाठ व्हॉट्सॲपवर गेले, तेही पानांचे फोटो काढून. एका विद्यार्थ्याची नजर फार अधू होती. मजकूर अक्षरांत असता तर फोनने तो मोठा करून दाखवला असता, मोठ्याने वाचूनही दाखवला असता. चित्र मोठे करावे तर ओळ पडद्याबाहेर जाते, आणि वाचून दाखवण्यासारखे त्यात काही नसते. त्याची आई, जी स्वतः चौथी शिकलेली, रोज रात्री त्याला धडे वाचून दाखवी. तंत्रज्ञानाच्या युगात त्या मुलाचे सॉफ्टवेअर त्याची अम्मी होती.

बाकीची मुले रोमनमध्ये लिहितात. 'के' आणि 'एच' जोडून खे लिहितात, ऐन कुठे, अलिफ कुठे, याचा पत्ता नाही. त्यांना रागावून उपयोग नाही, कारण उर्दू कळफलक फोनमध्ये आहे आणि तो दोन मिनिटांत चालू होतो, हे त्यांना कोणी शिकवलेलेच नसते. संगणकाचे शिक्षण म्हणून आमच्या लोकांनी शिकवली ती पानाची सजावट. उर्दू परिषदेच्या एक वर्षाच्या पदविकेच्या नावातच डीटीपी आहे. त्यातून अनेकांना रोजगार मिळाला, ही चांगलीच गोष्ट. पण पान सजवणे आणि भाषा यंत्रात नेणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे कोणाच्या लक्षात आले नाही.

दुसरी एक अडचण तर हसावे की रडावे अशी आहे. काफ, ये आणि हे या अक्षरांचे अरबी क्रमांक वेगळे आणि उर्दू क्रमांक वेगळे. पडद्यावर शब्द सारखाच दिसतो. एका शिक्षकाने अरबी कळफलकाने पटावर 'करीम' लिहिले आणि दुसऱ्याने उर्दू कळफलकाने 'करीम' शोधले, तर संगणक साधारणपणे सांगतो की असा मुलगा या शाळेत नाही. मुलगा पहिल्या बाकावर बसलेला असतो! इथेही उत्तर तेच: दिसतंय ना?

आमचे म्हणणे फार मोठे नाही. उर्दू शाळांनी प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये टाइप करून घ्याव्यात. डीटीपीवाला नाही म्हणाला तर दुसरा शोधावा. संस्थांनी स्मरणिकेचे पैसे देताना छापील प्रतींबरोबर अक्षररूपातली फाइलही मागून घ्यावी, बिलात तशी अटच लिहावी. ज्यांच्याकडे इनपेजच्या जुन्या फायली आहेत त्यांनी त्या फेकू नयेत, कारण त्या आजही बदलून घेता येतात; एकदा डिस्क खराब झाली की फक्त कागद उरेल. आठवीच्या मुलाला उर्दू कळफलकावर दहा ओळी लिहिता आल्या पाहिजेत, आणि हे काम संगणकाच्या नव्हे, उर्दूच्या शिक्षकाचे आहे.

आणि या वार्षिकाच्या संपादकांनाही एक अर्ज. हा लेख आम्ही युनिकोड मराठीत टाइप करून पाठवत आहोत. छपाईच्या सोयीसाठी तो दुसऱ्या फॉण्टमध्ये बदलावा लागला तर खुशाल बदलावा. फक्त आमची मूळ फाइल, आणि अंकातल्या इतर साऱ्या लेखकांच्या मूळ फायली, अंक निघाल्यावर पुसून टाकू नयेत. वर्षभराने त्या मागायला आम्ही येणार आहोत.