ओल कुठून येते?

रत्नागिरीकडच्या आमच्या गावात मे महिना आला की जुन्या घरांना रंग लागतो. आखातातली, मुंबईतली मुलं सुट्टीवर येतात, पोपडे बघतात, सिमेंटचा गिलावा आणि वॉटरप्रूफ रंग मारून जूनच्या आधी परत जातात. पुढच्या मेमध्ये पुन्हा तेच. आमच्या घरात हे चार वर्षं चाललं. पैसे पाठवणाऱ्यांत मीही होतो.

या घरांच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या, चुन्यात बांधलेल्या. चिरा पाणी शोषतो आणि वारा-ऊन मिळालं की सोडतो. त्यावर सिमेंट थापलं की आतलं पाणी कोंडतं, मग ते भिंतीत वर चढतं किंवा आतल्या खोलीत फुटतं. रोग न ओळखता दिलेलं हे औषध आहे, आणि ते रोग वाढवतं.

ओळखणं तसं कठीण नाही. जमिनीपासून दोनेक हात सलग ओल आणि तिच्या वरच्या कडेला लोण्याची पांढरी रेघ असेल, तर पाणी जोत्यातून चढतंय. अंगणात नवा कोबा घालून जमीन जोत्यापर्यंत आणली आहे का, ते आधी बघा. झोडपणाऱ्या पावसानंतर फक्त पश्चिमेच्या भिंतीवर डाग दिसले, तर पाऊस थेट भिंतीवर बसतोय. पूर्वी तिथे झावळ्यांचे झाप बांधत. आपण ते गावंढळ म्हणून काढले. वरून ओघळ आला तर कौल किंवा पन्हळ. तरी शंका राहिली तर भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवा. बाहेरच्या अंगाला थेंब आले तर दमट हवा खोलीतली. आतल्या अंगाला आले तर पाणी भिंतीतलं.

आमचा डाग मात्र भर मेमध्येही ओला असायचा. आम्ही म्हणायचो, गेल्या पावसाची ओल. चाची म्हणायची, "अरे, ही पावसाची नाही." ती बारा महिने त्याच खोलीत झोपते, रात्र रात्र खोकते. तिला कोणी विचारलं नाही, कारण पैसे आमचे होते.

शेवटी भिंतीपलीकडची वुजूची मोरी खणली. पाइपाचा सांधा गळत होता. वुजूतसुद्धा पाणी वाया घालवू नये, हे लहानपणापासून ऐकत आलेली आम्ही माणसं.

आता सिमेंट खरवडलंय. चुन्याचा गिलावा भिंत सुकल्यावरच. गवंडी म्हणतो, एक उन्हाळा तरी जाऊ द्या. चाचीची खाट माजघरात हलवली आहे. यंदा रंग नाही.