‘निर्मूलन’ झाले, मूळ मात्र त्वचेत

काला-आजाराचे वार्षिक आकडे जाहीर झाले की मथळा ठरलेला असतो : देशातून काला-आजार हद्दपार. बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश आणि पश्चिम बंगाल या चार राज्यांतील सर्व 633 बाधित ब्लॉक 2023 च्या अखेरीस ठरलेल्या मर्यादेखाली आले, ही गोष्ट खरी आहे आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. 1992 मध्ये देशात 77 हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली होती. 2023 मध्ये ती संख्या 600 च्या आत होती. पाठीवर पंप बांधून घराघरांच्या भिंती फवारणाऱ्या मजुरांचे आणि गावोगाव ताप मोजत फिरलेल्या आशा कार्यकर्त्यांचे हे यश आहे. आक्षेप आहे तो मथळ्यातल्या शब्दावर आणि त्या शब्दाआड दडलेल्या, परजीवीविषयीच्या ढोबळ समजुतीवर.

मर्यादा कोणती, हे बातमीत क्वचितच सांगितले जाते. ब्लॉकमधील दर 10,000 लोकसंख्येमागे वर्षाला एकापेक्षा कमी नवा रुग्ण, एवढीच ती मर्यादा. दोन लाख वस्तीच्या ब्लॉकमध्ये वर्षभरात 19 जण आजारी पडले, तरी तो ब्लॉक ‘निर्मूलन झालेला’ ठरतो. जागतिक आरोग्य संघटना याला ‘सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून’ निर्मूलन असे जपून म्हणते आणि देवीच्या रोगाचे जे झाले त्यासाठी निराळा शब्द राखून ठेवते. मराठी मथळ्यात येईपर्यंत हे सावध शेपूट गळून पडते आणि दोन्हींना एकच ‘निर्मूलन’ चिकटते. शब्दाचा अर्थ मुळासकट उपटणे असा असताना मूळ जमिनीतच असल्याचे कोणालाही खटकत नाही.

याचे बीज शालेय व्याख्येत आहे. परजीवी पोशिंद्याकडून अन्न व आसरा घेतो आणि त्याला अपाय करतो, असे विद्यार्थी पाठ करतो. व्याख्या चुकीची नाही, परंतु तिने मनावर उमटणारे चित्र घरात शिरलेल्या चोराचे असते : चोर आहे तोवर आरडाओरड, आरडाओरड थांबली की चोर गेला. काला-आजाराचा परजीवी, लीशमानिया डोनोव्हानी, या चित्रात बसत नाही. 1903 मध्ये लीशमन यांनी आणि मद्रासमध्ये काम करणाऱ्या डोनोव्हन यांनी स्वतंत्रपणे त्याचे वर्णन केले. चांदीपुरा विषाणूच्या बातम्यांमुळे सँडफ्लाय हे नाव महाराष्ट्रातही परिचित झाले आहे. त्याच कुळातील एका माशीच्या आतड्यात हा एकपेशीय जीव शेपटीसारख्या कशाभिकेने पोहतो. माशी चावल्यावर माणसाच्या शरीरात शिरला की तो गोल आकार धारण करून मॅक्रोफेज या पेशीत मुक्काम ठोकतो. मॅक्रोफेजचे काम जंतूंना गिळून पचवण्याचे. ज्या आम्लयुक्त कोठडीत इतर जंतू विरघळून जातात, तिथेच हा आपली संख्या वाढवतो. पहारेकऱ्याच्याच खोलीत राहणाऱ्या पाहुण्याचा गाजावाजा होणार तरी कसा?

आणि तो नेहमी गाजावाजा करतही नाही. काहींची प्लीहा वाढते, ताप हटत नाही, अंग खंगत जाते आणि उपचार न मिळाल्यास मृत्यू जवळजवळ अटळ असतो. याउलट त्याच वस्तीतील कितीतरी जणांना साधी कणकणही येत नाही. संसर्ग झाल्याची खूण फक्त रक्ताच्या तपासणीत सापडते. म्हणजे ‘रुग्ण’ आणि ‘पोशिंदा’ हे दोन वेगळे शब्द आहेत. सरकारी तक्ता पहिल्याची मोजदाद करतो, परजीवीचे पोट दुसऱ्यावर चालते.

या दोहोंमधली सर्वांत अडचणीची अवस्था भारतीय वैद्यकाला शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. युरिया स्टिबामाइन हे औषध शोधून असंख्य प्राण वाचवणारे उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनीच 1922 मध्ये तिचे वर्णन केले. काला-आजारातून बऱ्या झालेल्यांपैकी भारतात साधारण 5 ते 10 टक्के लोकांच्या त्वचेवर काही महिन्यांनी वा वर्षांनी फिकट चट्टे किंवा गाठी उमटतात. हाच पीकेडीएल. ताप नाही, वेदना नाही, मजुरीचा एक दिवसही बुडत नाही. कोणी त्याला कोड समजतो, कोणी कुष्ठरोग. माशीला मात्र त्या चट्ट्यांत परजीवी आयता मिळतो. मुझफ्फरपूर परिसरातील प्रयोगांत अशा लोकांना चावलेल्या माश्यांना संसर्ग झाला. लक्षणहीन व्यक्तींपासून मात्र तो झाल्याचे आढळले नाही. तेव्हा सरसकट सगळ्या गावाकडे संशयाने पाहण्याची गरज नाही. कोणाची त्वचा तपासायची, हे पुरेसे स्पष्ट आहे.

हा धोका काल्पनिक म्हणावा, तर इतिहास आड येतो. हिवतापाविरुद्ध 1950 आणि 60 च्या दशकांत डीडीटीची फवारणी झाली, तिच्यासोबत काला-आजारही जवळजवळ दिसेनासा झाला. फवारणी थांबली आणि 1970 च्या दशकात बिहारमध्ये तो साथीच्या रूपाने परतला. भारतीय उपखंडात या परजीवीचा माणसाखेरीज दुसरा पोशिंदा ज्ञात नाही. मग मधली वर्षे तो होता कुठे? पीकेडीएल झालेल्यांच्या त्वचेत, हे अभ्यासकांना सर्वांत संभवनीय वाटणारे उत्तर आहे.

रुग्ण उरले नाहीत तेव्हा पैसा क्षयरोगाकडे वळवावा, असा युक्तिवाद यावर होतो. तो अगदीच निर्बुद्ध नाही. तिजोरी अमर्याद नसते. पण तो ब्लॉकच्या सरासरीवर उभा आहे आणि परजीवी सरासरीत राहत नाही. तो राहतो ओलसर मातीच्या भिंती आणि शेजारी गोठा असलेल्या टोल्यांमध्ये, बिहारमध्ये बहुधा मुसहरांसारख्या भूमिहीनांच्या वस्तीत. ते 19 रुग्ण एकाच टोल्यातले असू शकतात. शिवाय रोग जितका दुर्मीळ होतो, तितका तो ओळखणारा डॉक्टरही दुर्मीळ होतो.

काला-आजाराच्या रुग्णाला आता लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिनचा शिरेतून दिलेला एक डोस पुरतो. पीकेडीएलसाठी मिल्टेफोसिनच्या कॅप्सूल 12 आठवडे घ्याव्या लागतात. त्यांनी मळमळते, उलट्या होतात, आणि स्त्रियांना त्या काळात व नंतरही काही महिने गर्भधारणा टाळावी लागते. हे सारे कोणी सोसायचे? ज्याला आपण आजारी आहोत असे वाटतच नाही त्याने, आणि तेही देशातून हद्दपार झाल्याचे जाहीर केलेल्या रोगासाठी! पीकेडीएलचा शोध सरकारी कार्यक्रमात नाही असे नाही, पण बातमीत आणि भाषणात त्याचा आकडा शोधून सापडत नाही. काला-आजाराच्या रुग्णसंख्येशेजारी, तितक्याच ठळक अक्षरांत, तो छापला गेला पाहिजे. बऱ्या झालेल्यांची नावे आणि गावे नोंदवहीत आहेतच. फवारणीचा पंप खाली ठेवण्याआधी त्या प्रत्येक दारात वर्षाला एकदा जाऊन चेहरा आणि पाठ उजेडात पाहावी लागेल, आणि हे काम शेवटचा ताप उतरल्यावरही काही वर्षे चालू ठेवावे लागेल.